पुराचा पंचनामा आणि विम्याचा करारनामा

२२ जुलै २०२१ रोजी वाशिष्ठीचे पाणी चिपळुणात घुसून तळमजलेच्या तळमजले बुडाले. आणि असे संकट कोसळले की जो ग्रह हमखास बळावतो, तो असा की, खासगी विमा कंपनी हप्ता घेताना मवाळ व दावा चुकता करताना कठोर असते, सरकारी कंपनी असती तर पैसे बुडाले नसते. हा संशय अगदीच निराधार आहे असे मी म्हणणार नाही. त्याचा रोख मात्र चुकला आहे. सर्वसाधारण विमा १९७३ पासून सरकारी कंपन्यांच्याच हाती होता व २००० साली तो खासगी भांडवलास पुन्हा खुला झाला, तरी दोहोंवर हुकमत एकाच नियामक प्राधिकरणाची चालते. शिवाय १ एप्रिल २०२१ पासून ‘भारत गृह रक्षा’ ही एकाच मसुद्याची घराची पॉलिसी देणे सर्व कंपन्यांना बंधनकारक झाल्याने तिच्यातील पूर, भूकंप व दरड यांविषयीची मूळ कलमे सगळीकडे सारखीच असतात.

नुकसानभरपाई अपुरी पडते ती बहुधा त्या कलमांखालच्या तपशिलात. गृहकर्जासोबत बँकेने काढून दिलेला विमा केवळ इमारतीचा असेल, तर फुगलेले लाकडी कपाट, चिखलाने भरलेला फ्रिज आणि भिजून गेलेली अंथरुणे यांचा एक पैसाही मिळत नाही. सामानासह विमा असेल, तर वेगळी यादी न देताही इमारतीच्या विमारकमेच्या २० टक्के, पण कमाल १० लाख रुपयांपर्यंत, सामान गृहीत धरले जाते. म्हणजे ३० लाखांच्या इमारतीमागे ६ लाख. दागिन्यांसाठी निराळे संरक्षण घ्यावे लागते. जमिनीची किंमत यात कधीच धरलेली नसते. हिशेब होतो तो बांधकामाच्या खर्चाचा. नदीने काठ खचवला तर तेही नुकसान वगळलेले असते, आणि नदीकाठच्या माणसाला हे कोणी आधी सांगत नाही, ही तक्रार मला रास्त वाटते.

सर्व्हेअर हा कंपनीचाच माणूस, हा दुसरा समज. त्याचा परवाना प्राधिकरणाचा, पण नेमणूक व मेहनताना कंपनीचा, तेव्हा शंका येणे स्वाभाविक आहे. तथापि त्याचा अहवाल हा अखेरचा शब्द नव्हे, असे सर्वोच्च न्यायालयाने २००९ सालीच म्हटले आहे. म्हणून चिखल उपसण्यापूर्वी छायाचित्रे घ्यावीत, भिजलेल्या पावत्याही जपाव्यात. तलाठ्याचा पंचनामा सरकारी मदतीसाठी असतो. विम्याच्या दाव्यात तो पुरावा म्हणून उपयोगी पडतो, पण सर्व्हेअरच्या पाहणीची जागा घेत नाही.

पूर्ण भरपाई मिळाल्याच्या पावतीवर सही केली की सारे संपले, हेही सर्वस्वी खरे नाही. दबावाने किंवा फसवणुकीने घेतलेली सही ग्राहकाचा हक्क हिरावत नाही, हा सर्वोच्च न्यायालयाचा १९९९ चा निर्णय आहे. कंपनीकडे लेखी तक्रार करूनही दाद मिळाली नाही, तर नकारापासून एका वर्षाच्या मुदतीत आपल्या भागाच्या विमा लोकपालाकडे ५० लाखांपर्यंतचे गाऱ्हाणे विनाशुल्क नेता येते. त्याचा निवाडा कंपनीवर बंधनकारक असतो, विमेदारावर नाही. त्यास तो अमान्य असेल तर ग्राहक आयोगाची वाट मोकळीच राहते.