आपल्या वस्तीचा नकाशा कोण वाचणार?

आपल्या समाजात ‘आरक्षण’ हा शब्द शाळकरी मुलालाही माहीत असतो. शिक्षणातले आरक्षण, नोकरीतले आरक्षण, निवडणुकीतले आरक्षण. परंतु या शब्दाला आणखी एक अर्थ आहे व तो आपल्यापैकी फार थोड्यांना ठाऊक आहे. मला तो बँकेच्या काउंटरवर शिकायला मिळाला.

काही वर्षांपूर्वी नगरपालिकेच्या सफाई खात्यातून निवृत्त झालेले, आपल्याच वस्तीतले एक गृहस्थ घरदुरुस्तीच्या कर्जासाठी आले. पेन्शन आमच्याच शाखेत, व्यवहार स्वच्छ, मुलगा नोकरीला. कर्ज मिळायला अडचण दिसत नव्हती. पण घराचे मूल्यांकन करणाऱ्या अभियंत्याच्या अहवालात एक ओळ होती : ‘सदर घर विकास आराखड्यातील रस्त्याच्या आरक्षणात येते.’ कर्ज नामंजूर झाले. मी त्यांना म्हणालो, “काका, तुमच्या घरावर आरक्षण आहे.” ते माझ्याकडे पाहत राहिले. मग म्हणाले, “अहो भाऊ, आरक्षण असलं तर आपल्याला काही मिळायला पाहिजे. हे तर आहे ते घालवतंय!”

मी कलाशाखेचा पदवीधर. मलाही त्यांना नीट उत्तर देता आले नाही. म्हणून एक दिवस रजा टाकून त्यांच्याबरोबर नगरपालिकेत गेलो. तेथे कळले की, प्रारूप आराखडा तयार झाला तेव्हा राजपत्रात आणि वर्तमानपत्रात सूचना छापून आली होती व नागरिकांकडून हरकती मागविल्या होत्या. शेजारच्या दोन गृहनिर्माण संस्थांनी लेखी हरकती दिल्या, सुनावणीला माणसे पाठविली. रस्ता थोडा सरकला. तो सरकून जिकडे आला, त्या आपल्या वस्तीतून एकही हरकत गेली नव्हती. वस्तीत पदवीधर मुले होती, शिक्षक होते, माझ्यासारखे बँकेतले कारकूनही होते. नकाशा वाचणारा मात्र एकही नव्हता.

हा लेख त्या दिवसाचे कर्ज फेडण्यासाठी लिहीत आहे. तो विशेषतः आपल्या विद्यार्थी मित्रांनी वाचावा.

आराखडा कसा तयार होतो?

महाराष्ट्रात १९६६ चा प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम लागू आहे. या कायद्याने प्रत्येक नगरपालिकेला व महानगरपालिकेला आपल्या हद्दीचा विकास आराखडा करावा लागतो. प्रथम तसा इरादा जाहीर होतो. मग प्रत्यक्ष जमिनीवर आज काय आहे याचा नकाशा होतो. त्यावरून पुढच्या काळासाठी रस्ते, शाळा, दवाखाने, बागा, बाजार, स्मशानभूमी यांच्या जागा ठरतात. यालाच जागेवरचे आरक्षण म्हणतात. नंतर प्रारूप आराखडा प्रसिद्ध होतो, हरकती येतात, नियोजन समिती सुनावणी घेते आणि शेवटी शासन मंजुरी देते.

यातील दोन पायऱ्या आपण ध्यानात ठेवाव्यात. पहिली, आजच्या जमीन वापराचा नकाशा. यात आपली वस्ती, विहार, समाजमंदिर, अंगणवाडी दाखविली नाही, तर पुढच्या सर्व कागदांवर ती नसतेच. दुसरी, हरकतीची मुदत. ती काही आठवड्यांचीच असते, पण आराखड्याची सुधारणा मात्र वीस वर्षांतून एकदा होते. मधल्या काळात बदल करून घेण्याची वाट आहे, परंतु ती लांबची आणि खर्चाची. एक हरकत चुकली म्हणजे एक पिढी गेली असे समजावे.

हरकतीत किती बळ असते हे मुंबईने दाखविले आहे. फेब्रुवारी २०१५ मध्ये मुंबईचा प्रारूप आराखडा प्रसिद्ध झाला. त्यातील चुकांविरुद्ध हजारो हरकती आल्या. झोपडपट्ट्यांमधल्या माणसांच्या गरजा आराखड्यात धरल्याच नाहीत, हा त्यातील एक मोठा आक्षेप होता. एप्रिल २०१५ मध्ये राज्य शासनाने तो आराखडा मागे घ्यायला लावला. सुधारित आराखडा २०१६ मध्ये आला आणि २०१८ मध्ये मंजूर झाला. या कामी वस्त्यांमधले कार्यकर्ते, वास्तुरचनाकार आणि विद्यार्थी यांनी नकाशे घेऊन गल्लोगल्ली सभा घेतल्या होत्या.

हा विषय आपल्याला परका नाही

नगररचना हा विषय आपल्या मुलांना नवीन वाटतो. वास्तविक तो आपल्या आजोबा-पणजोबांच्या अंगावरून गेलेला विषय आहे. गावाचा नकाशा कोणी कागदावर काढला नव्हता, तरी महारवाडा गावकुसाबाहेर, मांगवाडा त्याच्या पलीकडे, पाणवठा वेगळा, स्मशान वेगळे, हा आराखडा शेकडो वर्षे काटेकोरपणे पाळला गेला. त्यावर हरकत घेण्याची मुदत कधीच नव्हती.

ती हरकत बाबासाहेबांनी घेतली. १९४२ च्या जुलै महिन्यात नागपूरला झालेल्या अखिल भारतीय दलित वर्ग परिषदेत स्वतंत्र वसाहतींची मागणी करण्यात आली. १९४७ च्या ‘राज्ये आणि अल्पसंख्याक’ या निवेदनात बाबासाहेबांनी त्यासाठी वसाहत आयोगाची तरतूद सुचविली. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत त्यांनी खेड्याच्या गोडव्यांना दिलेले उत्तर प्रसिद्धच आहे. माणूस कोठे राहतो यावर त्याचे माणूसपण ठरविले जाते, हे त्यांनी पुस्तकात वाचलेले नव्हते, भोगलेले होते.

१९२९ सालची गोष्ट. मुंबई सरकारने अस्पृश्यांच्या स्थितीची पाहणी करण्यासाठी समिती नेमली होती. बाबासाहेब तिचे सदस्य होते. त्या कामासाठी ते खानदेशात गेले. परतीच्या वाटेवर चाळीसगावच्या बांधवांनी त्यांना आग्रहाने थांबवून घेतले. महारवाडा स्टेशनपासून दूर, नदीपलीकडे. टांगेवाला त्यांना बसवून टांगा हाकायला तयार होईना. शेवटी कधीही टांगा न हाकलेल्या एका बांधवाने लगाम हाती घेतला, पुलावर अपघात झाला आणि बाबासाहेबांचा पाय मोडला. वस्ती कोठे आहे आणि तेथवर रस्ता व वाहन कसे जाते, या प्रश्नाची किंमत त्यांनी अशी मोजली आहे.

याच्या उलट बाजूही पाहावी. १८९६ च्या प्लेगनंतर १८९८ साली मुंबईत सुधार न्यास स्थापन झाला. त्याने पुष्कळ गरिबांची घरे पाडली, तशाच काही ठिकाणी चाळीही बांधल्या. परळच्या बी.आय.टी. चाळीतील ५० व ५१ क्रमांकाच्या खोल्यांत बाबासाहेबांचे कुटुंब १९१२ पासून सुमारे दोन दशके राहिले. पुढे त्यांनी ‘राजगृह’ बांधले ती दादरची हिंदू कॉलनीही याच न्यासाच्या नियोजित वसाहतीचा भाग. म्हणजे नियोजन घर पाडते आणि घर उभेही करते. ते कोणाच्या हातात आहे हा खरा प्रश्न.

१९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूरमंत्री असताना बाबासाहेबांनी दामोदर खोऱ्याच्या योजनेला आणि देशाच्या जल व वीज धोरणाला दिशा दिली. घटनाकार बाबासाहेब आपण जाणतो. नियोजनकार बाबासाहेबही विद्यार्थ्यांनी अभ्यासले पाहिजेत. भगवान बुद्धांच्या धम्माची परंपराही हेच सांगते. सम्राट अशोकाने रस्त्याकडेला झाडे लावली, विहिरी खोदल्या, हे त्याने शिलालेखांत नोंदविले आहे. कान्हेरीला गेलात तर लेण्यांच्या बाजूला खडकात खोदलेल्या पाण्याच्या पोढी अवश्य पाहा. डोंगरावर एवढा मोठा संघ राहायचा तर पाणी कोठून येईल याचा विचार आधी झालेला दिसतो.

आधी पाहणी, मग आराखडा

या शास्त्राचा एक मोठा अभ्यासक पॅट्रिक गेडेस १९१४ साली भारतात आला आणि १९१९ साली मुंबई विद्यापीठात समाजशास्त्र व नागरिकशास्त्राचा पहिला प्राध्यापक झाला. आधी पाहणी करा, मग आराखडा करा, आणि घरे सरसकट पाडण्याऐवजी मोजकीच दुरुस्ती करून वस्ती सुधारा, ही त्याची शिकवण. इंदूरला प्लेग हटविण्यासाठी त्याने दिवाळीच्या सुमारास शहराची मिरवणूक काढली, तेव्हा सफाई कामगारांना मानाने मिरवणुकीत चालविले. ही त्याची थोरवी आहे. पण हार वाळल्यावर सफाई कामगार कोणत्या घरात परतला, हा प्रश्न आपल्या विद्यार्थ्याने विचारला पाहिजे. आपल्या संशोधनाची सुरुवात तेथून व्हावी.

मोजणी हाच हक्काचा पहिला कागद असतो. जानेवारी १९७६ मध्ये शासनाने मुंबईच्या झोपडपट्ट्यांची गणना केली आणि मोजलेल्यांना फोटोपास मिळाले. पदपथांवर राहणारे त्यातून सुटले. १९८५ साली ‘स्पार्क’ या संस्थेने त्या लोकांनाच बरोबर घेऊन त्यांची पाहणी केली, तेव्हा ती माणसे कोण, कोठून आली, काय काम करतात हे शहराला कळले. पुण्यात १९९३ साली सुरू झालेल्या ‘शेल्टर असोसिएट्स’ने पुणे, सांगली येथील वस्त्यांचे घरनिहाय नकाशे संगणकावर तयार केले. कोणत्या घराला शौचालय नाही, मलवाहिनी कोठे पोहोचत नाही, हे नकाशावर बोट ठेवून दाखविता येऊ लागले.

आपल्या विद्यार्थ्यांना असे विषय घरापासून हाकेच्या अंतरावर आहेत. अनुसूचित जाती व नवबौद्ध वस्ती विकासाच्या निधीतून झालेली कामे वस्तीत आहेत की वस्तीकडे जाणाऱ्या दुसऱ्यांच्या रस्त्यावर? डिसेंबर २०२० मध्ये राज्य मंत्रिमंडळाने वस्त्यांची जातिवाचक नावे बदलण्याचा निर्णय घेतला. पाटी बदलली, नळाला पाणी किती वेळ येते? गावाची स्मशानभूमी सर्वांची आहे काय? पुनर्वसनाच्या उंच इमारतीत म्हाताऱ्या आईबापांचा दिवस कसा जातो? यातील प्रत्येक प्रश्न पदव्युत्तर प्रबंधाचा विषय आहे.

शिक्षणाची व नोकरीची वाट

बारावीला गणित घेतलेल्यांना चार वर्षांची नियोजनाची पदवी घेता येते. त्यासाठी जेईई मुख्य परीक्षेत नियोजनाची वेगळी प्रश्नपत्रिका असते. स्थापत्य अभियंते व वास्तुरचनाकार यांना दोन वर्षांची पदव्युत्तर पदवी घेता येते. पण कलाशाखेच्या मुलांनी मागे राहू नये. भूगोल, अर्थशास्त्र किंवा समाजशास्त्र घेऊन एम. ए. झालेल्यांना अनेक संस्था नियोजनाच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाला घेतात. माझ्या वेळी हे कोणी सांगितले नाही, म्हणून येथे मुद्दाम लिहीत आहे.

दिल्ली, भोपाळ व विजयवाडा येथील नियोजन व वास्तुकला विद्यालये, अहमदाबादचे सेप्ट, खरगपूरचे आय.आय.टी., आपल्याकडे पुण्याचे सीओईपी आणि नागपूरचे व्ही.एन.आय.टी. या नावाजलेल्या संस्था. समाजाच्या अंगाने अभ्यास करायचा असेल तर मुंबईची टाटा समाजविज्ञान संस्था.

पैशाअभावी कोणी थांबू नये. पीएच.डी.साठी पुण्याच्या ‘बार्टी’ची डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या नावाची अधिछात्रवृत्ती आहे. परदेशासाठी राज्याची राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्ती व केंद्राची राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्ती आहे. १९९० च्या दुरुस्तीमुळे बौद्धांना केंद्राच्या सवलतीही मिळतात. मात्र जाहिरात नीट वाचावी. २०२२ साली केंद्राच्या शिष्यवृत्तीतून भारतीय समाजावरील संशोधनाचे विषय वगळण्यात आले होते. अर्ज करण्यापूर्वी आपला विषय बसतो काय ते पाहावे. जातीचे व जात वैधतेचे प्रमाणपत्र आधीच काढून ठेवावे.

नोकरीसाठी राज्याचा नगररचना विभाग आहे. त्यातील नगररचनाकार व सहायक नगररचनाकार ही पदे लोकसेवा आयोगातर्फे भरली जातात. शिवाय महानगरपालिका, सिडको, म्हाडा, एम.एम.आर.डी.ए., खाजगी सल्लागार संस्था आणि वस्त्यांत काम करणाऱ्या स्वयंसेवी संस्था आहेत. डॉक्टर, इंजिनिअर, कलेक्टर ही स्वप्ने आपण पाहिली आणि त्यातली काही पुरी झाली. परंतु कलेक्टर बदलून जातो, आराखड्यावरची रेघ वीस वर्षे राहते. ती रेघ मारणाऱ्या टेबलावर आपला एक तरी मुलगा, एक तरी मुलगी बसली पाहिजे.

आपण काय करावे?

सर्वांनीच नियोजनकार व्हावे असे नाही. संस्थेच्या सभासदांनाही तीन गोष्टी करता येतील. आपल्या प्रभागाच्या मंजूर विकास आराखड्याची प्रत विकत घेऊन विहारात लावावी. दोन-तीन तरुणांवर राजपत्र व वर्तमानपत्रातील नगररचनेच्या सूचना पाहण्याचे काम सोपवावे. आणि दरवर्षी वर्षावासात, रविवारच्या वंदनेनंतर, विद्यार्थ्यांनी घरोघर जाऊन पाणी, शौचालय, घराचे कागद यांची नोंद वहीत करावी. ही वही जपली तर पुढच्या सुनावणीत ती आपला वकील होईल.

त्या काकांनी शेवटी भविष्य निर्वाह निधीतून उरलेल्या पैशांत घरावर पत्रे घातले. रस्ता अजून झालेला नाही, आरक्षणही उठलेले नाही. आजही भेटले की ते विचारतात, “भाऊ, नवा नकाशा कधी निघणार?” तो निघेल तेव्हा त्यांच्याबरोबर जाणारा माझ्यासारखा अर्धवट माहितीचा कारकून नसावा, आपल्या वस्तीतला शिकलेला नियोजनकार असावा, एवढीच इच्छा आहे.

भवतु सब्ब मंगलं! जय भीम!