बर्फावरचा संशोधक वर्गात

शाळेच्या भूगोलात ध्रुवीय प्रदेश दोन-चार पानांत आटोपतो. सहा महिने दिवस, सहा महिने रात्र, उत्तरेला अस्वल, दक्षिणेला पेंग्विन. तिथे प्रत्यक्ष काम केलेला संशोधक मुलांसमोर उभा राहिला, की यातले पहिलेच वाक्य दुरुस्त करावे लागते. सहा महिन्यांचा दिवस फक्त ध्रुवबिंदूवर असतो. भारताचे अंटार्क्टिकातले ‘मैत्री’ स्थानक पावणेएकाहत्तर अंश दक्षिणेला आहे आणि तिथे सूर्य मावळत नाही तो जेमतेम दोन महिने.

भारतात या विषयाचे मुख्य ठिकाण गोव्यात आहे. वास्कोच्या हेडलँड सड्यावर राष्ट्रीय ध्रुवीय व महासागर संशोधन केंद्र १९९८पासून काम करते. १९८१च्या डिसेंबरात पहिली भारतीय अंटार्क्टिक मोहीमही गोव्याच्याच किनाऱ्यावरून निघाली होती. जगभरात संशोधकांच्या अशा शाळाभेटींना जोर आला तो २००७-०८च्या आंतरराष्ट्रीय ध्रुवीय वर्षामुळे. त्या सुमारास तरुण ध्रुवीय संशोधकांची ‘एपेक्स’ ही संघटना उभी राहिली. तिचे ‘ध्रुवीय सप्ताह’ मार्च आणि सप्टेंबरमध्ये, विषुवदिनाच्या आसपास होतात. तेव्हा दोन्ही गोलार्धांत दिवस-रात्र सारखेच असल्याने सगळ्या शाळांना एकाच वेळी विषय काढता येतो.

अशा तासाची सुरुवात बहुधा दोन काचेच्या पेल्यांनी होते. दोन्हींत पाणी. एकात बर्फाचे खडे तरंगत सोडायचे. दुसऱ्यात पाण्याबाहेर डोके काढणारा दगड ठेवून त्यावर बर्फ ठेवायचा. पाण्याच्या पातळीवर मार्करने खूण करायची आणि पेले बाजूला सरकवायचे. दोन्हींतले पाणी वाढेल, असे मुले ठामपणे सांगतात. बर्फ वितळतो तेव्हा पहिल्यातली खूण हलत नाही, दुसऱ्यातले पाणी मात्र वर चढते. आर्क्टिक महासागरावरचा तरंगता बर्फ आणि अंटार्क्टिकाच्या जमिनीवरचा बर्फ यांतला फरक एवढ्याने समजतो. अंटार्क्टिकाचा सगळा बर्फ वितळला तर समुद्र सुमारे ५८ मीटर वर येईल, हा आकडा त्यानंतर सांगितला तरच मुलांच्या ध्यानात राहतो.

बर्फाच्या गाभ्याला सर्वांत जास्त वेळ द्यावा लागतो आणि तो द्यायलाच हवा. पोकळ नळीसारख्या यंत्राने बर्फात खोल छिद्र पाडून लांब दंडगोल वर काढतात, तोच हा गाभा. तो गोठलेलाच प्रयोगशाळेत न्यावा लागतो. वास्कोच्या केंद्रात त्यासाठी उणे २० अंशांची खोली आहे. बाहेर गोव्याचा घामट उकाडा आणि आत जाडजूड कोट चढवून करवतीने बर्फ कापणारी माणसे, हे ऐकूनच मुले खूश होतात. दंडगोलाचा बाहेरचा थर हाताळणीत दूषित झालेला असतो म्हणून तासून टाकतात. मोजमाप आतल्या भागाचे.

मग पाण्यातल्या ऑक्सिजनची गोष्ट येते. काही पाण्याचे रेणू जरा जड असतात आणि ते वाटेतच पावसाबर्फाच्या रूपाने आधी गळून पडतात. हवा जितकी थंड, तितके जड रेणू ध्रुवाकडे कमी पोहोचतात. त्यामुळे त्यांचे प्रमाण मोजले की बर्फ पडला तेव्हा थंडी किती होती याचा अंदाज बांधता येतो. बर्फातल्या बुडबुड्यांत तर जुनी हवाच कोंडलेली असते. अंटार्क्टिकातल्या डोम सी या ठिकाणी काढलेला सव्वातीन किलोमीटरचा गाभा आठ लाख वर्षे मागे जातो. त्या सगळ्या काळात हवेतला कार्बन डायऑक्साइड दशलक्ष भागांत साधारण १८० ते ३०० भाग होता. आज तो ४२०च्या पुढे आहे. वय कसे कळते, हे हमखास कोणीतरी विचारते. उत्तरात ज्वालामुखी येतात. १८१५ साली तंबोरा फुटला तेव्हाचे गंधकाचे अंश दोन्ही ध्रुवांवरच्या बर्फात सापडतात, त्यावरून तो थर ओळखता येतो.

मुलांचे स्वतःचे प्रश्न वेगळ्याच वाटेने जातात. पहिला प्रश्न ठरलेला: शौचाला कुठे जाता? वर्ग हसतो, शिक्षक अवघडतात. पण चांगला संशोधक हा प्रश्न सोडत नाही. १९९१च्या माद्रिद करारानुसार अंटार्क्टिकात बर्फ नसलेल्या जमिनीवर किंवा गोड्या पाण्यात सांडपाणी सोडायला मनाई आहे. ‘मैत्री’ अशाच खडकाळ भागात आहे आणि तिचे पिण्याचे पाणी शेजारच्या प्रियदर्शिनी तलावातून येते. हे कळले, की मनाईचे कारण वेगळे समजवावे लागत नाही. याच करारामुळे १९९४नंतर तिथे स्लेजची कुत्रीही राहिली नाहीत, कारण त्यांचे रोग सीलना लागण्याची भीती होती. यावर मुलांचा चेहरा पडतो तो पडतोच.

उत्तरेला, आर्क्टिकमधल्या स्वालबार्डच्या न्यू-ओलेसुंद वस्तीत भारताचे ‘हिमाद्री’ स्थानक २००८पासून आहे. तिथे वायफाय आणि ब्लूटूथ बंद ठेवावे लागतात, कारण शेजारच्या वेधशाळेच्या अतिसूक्ष्म रेडिओ मोजमापात ते व्यत्यय आणतात. आठवीच्या मुलांना अस्वलापेक्षा हीच बातमी जास्त भयंकर वाटते.

शेवटी प्रश्न येतो, अंटार्क्टिकाला जायचे कसे? उत्तर कोरडे पण कामाचे असते. आधी दिल्लीच्या एम्समध्ये कसून वैद्यकीय तपासणी, मग औलीला भारत-तिबेट सीमा पोलिसांकडून बर्फात वावरण्याचे प्रशिक्षण. उन्हाळी तुकडी साधारण नोव्हेंबर ते मार्च राहते. हिवाळी तुकडी वर्षाहून जास्त. त्या तुकडीत शास्त्रज्ञांच्या बरोबरीने डॉक्टर, स्वयंपाकी, वेल्डर, इलेक्ट्रिशियन आणि डिझेल जनरेटर चालू ठेवणारे मेकॅनिकही असतात.