परदेशातील पेढी आणि पगाराची वही

गोंदिया जिल्ह्यातील दवनीवाडा हे धानाच्या मुलखातले गाव. दिवाळीच्या सुमारास कापणी सुरू झाली की या परिसरात बोलणे एकाच विषयाभोवती फिरते: धान किती उतरला, भाव काय निघाला आणि चुकारा कधी मिळणार. गोंदियाच्या भातगिरण्यांना या मुलखाने पिढ्यान्‌पिढ्या धान पुरवला. त्या व्यवहाराच्या आधाराने व्यापारी घराणी येथे रुजली. या घराण्यांना माणसे कामाला ठेवण्याची रीत कोणी शिकवावी लागत नाही. हमालाची मजुरी पोत्यामागे, सालगड्याचा करार गुढीपाडव्याला, दिवाणजीचा पगार महिन्याला आणि घरी लग्नकार्य निघाले की उचल, हा हिशेब मुलगा वडिलांच्या शेजारी गादीवर बसूनच शिकतो.

परंतु पुढच्या पिढीचा मुलगा म्हणतो, ‘दुबईत आपला एक माणूस हवा. तांदूळ उतरवून घेईल, ग्राहक पाहील, वसुली करील.’ येथे गादीवर शिकलेले गणित अपुरे पडते. माणूस ठेवणे तेच, पगार देणे तेच. मात्र कायदा, चलन, सुट्टी, निरोपाची रीत, सारेच निराळे असते. माल परदेशी पाठविणे ही एक गोष्ट झाली. तेथे एका माणसाच्या घरची चूल आपल्या शब्दावर पेटणे ही दुसरी. दुसरीची जबाबदारी पहिलीहून पुष्कळ मोठी आहे, आणि ती घेण्यापूर्वी नीट समजून घेणे अगत्याचे आहे.

वाकोदपासून इस्रायलपर्यंत

मराठी मुलखातील जैन घराण्याने ही जबाबदारी मोठ्या प्रमाणावर स्वीकारल्याचे ठळक उदाहरण जळगावचे आहे. जळगाव जिल्ह्यातील वाकोद या खेड्यात १२ डिसेंबर १९३७ रोजी जन्मलेल्या भवरलाल जैन यांनी १९६३ च्या सुमारास घरातील सात हजार रुपयांच्या बचतीवर रॉकेलविक्रीने व्यवसायाचा आरंभ केला. पुढे नळ, ठिबक सिंचन आणि फळप्रक्रिया असा विस्तार होत गेला. २००६ साली त्यांच्या जैन इरिगेशनने अमेरिकेतील न्यूयॉर्क राज्याच्या वॉटरटाउन येथील चॅपिन वॉटरमॅटिक्स ही ठिबक सिंचनातील जुनी कंपनी घेतली. २००७ मध्ये इस्रायलच्या नानदान या कंपनीत निम्मी भागीदारी घेतली आणि २०१२ मध्ये उरलेला निम्मा हिस्साही घेतला.

यातील निम्म्या भागीदारीची पायरी लक्षात घेण्याजोगी आहे. नानदान ही कंपनी नान आणि दान या दोन किबुत्झांशी, म्हणजे सामूहिक मालकीच्या वसाहतींशी, जोडलेली होती. तेथील माणसाची नोकरी, सुट्टी आणि निवृत्तीची तरतूद इस्रायलच्या कायद्याने ठरते. मालकी जळगावला आली म्हणून ती बदलत नाही. पाच वर्षे जुना मालक भागीदार म्हणून सोबत राहिला, की नव्या मालकाला तेथील रीत जवळून पाहण्यास अवधी मिळतो. छोट्या पेढीनेही परक्या देशात पहिल्या दिवशीच सर्व भार अंगावर घेऊ नये, हा बोध यातून सहज निघतो. २०२३ मध्ये कर्जाचा भार हलका करण्याच्या हेतूने जैन इरिगेशनने आपला परदेशातील सिंचन व्यवसाय रिव्ह्युलिस या कंपनीत विलीन केला आणि एकत्रित कंपनीत सुमारे २२ टक्के हिस्सा राखला. विस्तार जसा टप्प्याटप्प्याने करावा लागतो, तसा वेळ आल्यावर हातही आवरता घ्यावा लागतो.

माणूस कोणाचा?

दवनीवाड्यासारख्या गावातील पेढीला कंपन्या विकत घ्यावयाच्या नसतात. तिला एक-दोन माणसे हवी असतात. त्यासाठी मुख्यतः तीन मार्ग आहेत.

पहिला मार्ग म्हणजे त्या देशात स्वतःची शाखा किंवा कंपनी नोंदविणे. यात खर्च अधिक, पण नाते सरळ: आपण मालक, तो नोकर. भारतातून तेथे भांडवल पाठविताना २२ ऑगस्ट २०२२ पासून लागू झालेले परदेशी गुंतवणुकीचे नियम पाळावे लागतात आणि रक्कम अधिकृत बँकेमार्फतच पाठवावी लागते. ओळखीच्या माणसाकरवी, हवाल्याने पगार पोहोचविणे हा गुन्हा आहे. शिवाय त्या माणसाच्या हाती आपल्याला पगार मिळाला याचा पुरावाही राहत नाही.

दुसरा मार्ग म्हणजे तेथील एखाद्या संस्थेने कागदोपत्री मालक व्हावे आणि आपल्या वतीने माणूस नेमावा. करार, पगार, कर आणि विमा ती संस्था पाहते. काम आपण सांगतो. मोबदल्यादाखल दरमहा शुल्क देतो. बाजारपेठ अजमावून पाहावयाची असेल तर हा मार्ग सोयीचा ठरतो.

तिसरा मार्ग दलालीवर काम करणाऱ्या स्वतंत्र माणसाचा. हा सर्वांत स्वस्त वाटतो आणि सर्वांत अधिक फसगत येथेच होते. तो माणूस फक्त आपलेच काम करीत असेल, त्याची वेळ आपण ठरवीत असू, रजा आपल्याला विचारून घेत असेल, तर कागदावर त्याला ‘दलाल’ म्हटल्याने तो दलाल ठरत नाही. अनेक देशांत न्यायालये कागदाचे शीर्षक पाहत नाहीत, प्रत्यक्ष काम पाहतात. आणि मग मागच्या वर्षांची रजा, विमा व भरपाई एकदम अंगावर येते. त्यातच तो माणूस आपल्या नावाने नेहमी सौदे पक्के करीत असेल, तर त्या देशाचे करखाते तेथे आपले कायमचे ठाणे आहे असे मानून नफ्यावर कर मागू शकते.

दुबईचा हिशेब

आखातातील नोकरीबद्दल आपल्याकडे बऱ्याच ऐकीव समजुती आहेत. संयुक्त अरब अमिरातीचा सध्याचा कामगार कायदा २ फेब्रुवारी २०२२ पासून लागू आहे. त्यातील काही गोष्टी प्रत्येक व्यापाऱ्याने वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवाव्यात अशा आहेत.

काम दिवसाला आठ तास किंवा आठवड्याला ४८ तास. जादा कामाला किमान २५ टक्के अधिक मोबदला, आणि ते रात्री दहा ते पहाटे चार या वेळेत असेल तर ५० टक्के अधिक. चाचणीचा काळ सहा महिन्यांहून अधिक ठेवता येत नाही. वर्ष पूर्ण केलेल्या माणसाला वर्षाला ३० दिवसांची पगारी रजा. नोकरी संपल्यावर सर्व देणे १४ दिवसांत चुकते करावे लागते. भरतीचा खर्च माणसाकडून वसूल करता येत नाही, आणि त्याचा पासपोर्ट मालकाने आपल्या कपाटात ठेवणे निषिद्ध आहे. २००९ पासून तेथे वेतन संरक्षण प्रणाली आहे. पगार बँक किंवा मान्यताप्राप्त वित्तसंस्थेमार्फत जातो आणि तो वेळेवर गेला की नाही हे सरकारला दिसते. दुबईतील आणि अबूधाबीतील आंतरराष्ट्रीय वित्तकेंद्रांना मात्र त्यांचे स्वतंत्र कामगार नियम आहेत. म्हणून कार्यालय कोठे थाटावयाचे हे आधी ठरवावे.

सर्वांत दुर्लक्षित बाब ग्रॅच्युइटीची. परदेशी कर्मचाऱ्याने वर्ष पूर्ण केले की पहिल्या पाच वर्षांसाठी दरवर्षी २१ दिवसांचे आणि त्यापुढील प्रत्येक वर्षासाठी ३० दिवसांचे मूळ वेतन त्याला निरोपाच्या वेळी द्यावे लागते. एकूण रक्कम दोन वर्षांच्या वेतनाहून अधिक होत नाही. एक उदाहरण घेऊ. मूळ वेतन महिना ३,००० दिरहम असेल तर दिवसाचे १०० दिरहम झाले. पाच वर्षांचे १०,५०० आणि पुढील तीन वर्षांचे ९,०००. आठ वर्षे काम केलेला माणूस निरोप घेताना १९,५०० दिरहमचा धनी असतो. ही रक्कम त्या दिवशी अचानक उगवत नाही. ती दरमहा साचत असते. जी पेढी ती दरमहा बाजूला काढीत नाही, ती दुसऱ्याच्या पैशावर आपला व्यापार करीत असते.

येथूनच एखादा तरुण तिकडे पाठवावयाचा असेल तर १९८३ चा उत्प्रवासन कायदाही पाहावा लागतो. ज्यांच्या पासपोर्टवर उत्प्रवासन परवानगी आवश्यक असल्याची नोंद असते, आणि दहावी उत्तीर्ण नसलेले बहुतेक जण यात येतात, त्यांना अमिरातीसारख्या देशात नोकरीला जाण्यापूर्वी ही परवानगी घ्यावी लागते. पर्यटनाच्या व्हिसावर नेऊन ‘पुढे पाहू’ म्हणणे म्हणजे त्या तरुणाला कायद्याच्या आधारावाचून परक्या भूमीवर सोडून देणे होय.

अँटवर्पची दुसरी तऱ्हा

बेल्जियममधील अँटवर्प येथे हिऱ्यांच्या व्यापारामुळे जैन कुटुंबांची मोठी वस्ती झाली. तेथील हिशेब दुबईहून अगदी वेगळा. बेल्जियममध्ये महागाईच्या निर्देशांकानुसार वेतन आपोआप वाढते. मालकाच्या मर्जीवर ते अवलंबून नसते. पगाराखेरीज सामाजिक सुरक्षेची मोठी वर्गणी मालकाला भरावी लागते. भारत आणि बेल्जियम यांच्यातील सामाजिक सुरक्षा करार १ सप्टेंबर २००९ पासून अमलात आहे. त्यामुळे भारतातील पेढीने आपला माणूस ठरावीक मुदतीसाठी तिकडे पाठविला आणि भविष्य निर्वाह निधी कार्यालयाचे प्रमाणपत्र घेतले, तर दोन्ही देशांत दुहेरी वर्गणी भरावी लागत नाही. हे प्रमाणपत्र न घेतल्याने वर्षानुवर्षे दुप्पट खर्च सोसणे शक्य आहे. ते घेण्यास लागतो तो केवळ एक अर्ज.

निर्यात थांबते तेव्हा

खरी परीक्षा भरभराटीत होत नाही. २० जुलै २०२३ रोजी केंद्र सरकारने बासमतीखेरीज पांढऱ्या तांदळाच्या निर्यातीवर बंदी घातली. ती २८ सप्टेंबर २०२४ रोजी उठली. चौदा महिन्यांहून अधिक काळ हा दरवाजा बंद होता. अशा वेळी परदेशात माणूस ठेवलेल्या पेढीने काय करावे? माल नाही, विक्री नाही, दलाली नाही. पण महिन्याची अखेर चुकत नाही आणि त्या माणसाचे घरभाडेही थांबत नाही.

अशा प्रसंगी वाट दोन प्रकारची असते. एक म्हणजे फोन उचलणे बंद करणे आणि ‘सरकारनेच बंदी घातली, आम्ही काय करणार’ असे म्हणणे. बंदी मालावर असते, पगारावर नसते, हे या उत्तरात विसरले जाते. दुसरी वाट म्हणजे पहिल्याच महिन्यात त्याला खरी स्थिती सांगणे. दुसरा माल, दुसरे काम शोधता येते का ते पाहणे. आणि ते शक्य नसेल तर करारातील ३० ते ९० दिवसांची रीतसर सूचना देऊन, सर्व देणे हातात ठेवून, मानाने निरोप देणे. दुसऱ्या वाटेला पैसा लागतो. म्हणूनच जाणते व्यापारी परदेशात पहिला माणूस नेमण्यापूर्वी किमान सहा महिन्यांचा पगार, सूचनाकाळाचे वेतन आणि परतीचे तिकीट एवढी रक्कम वेगळी ठेवावी असे सांगतात. ती रक्कम नसेल तर माणूस ठेवण्याची वेळ अद्याप आलेली नाही, असे समजावे.

व्रतांतील मालक

श्रावकाच्या अणुव्रतांचे अतिचार तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात सांगितले आहेत. अहिंसाणुव्रताच्या पाच अतिचारांत अतिभारारोपण आणि अन्नपाननिरोध ही दोन नावे येतात. शक्तीबाहेर ओझे लादणे आणि अन्नपाणी रोखणे, हे आपण सहसा बैल-घोड्यांच्या संदर्भात वाचतो. पण बारा तास राबवून आठ तासांचा मोबदला देणे हे अतिभारारोपण नाही तर काय? पगार अडवून ठेवणे म्हणजे दूरदेशी, घरापासून तुटलेल्या माणसाचे अन्नच अडविणे होय. अचौर्याणुव्रताच्या अतिचारांत विरुद्धराज्यातिक्रमाचा उल्लेख आहे. राज्याचे नियम मोडून व्यवहार करणे असा त्याचा सर्वसाधारण भावार्थ घेतला जातो. परक्या राज्यात व्यापार करणाऱ्याला तेथील नियम पाळण्याची ही आठवण आजही तितकीच लागू आहे.

गावातील दिवाणजी नाराज झाला तर तो समोर येऊन सांगतो. त्याची बायको घरी येऊन शेठाणीजवळ गाऱ्हाणे मांडते. गावचे चार लोक मध्ये पडतात. परदेशातील माणसाला ही सोय नाही. त्याचे गाऱ्हाणे ऐकायला फक्त तेथील कायदा आहे आणि येथील मालकाचा विवेक. म्हणून अंतर जितके अधिक, तितका कागद चोख हवा: कामाचे स्वरूप, मूळ वेतन आणि भत्ते वेगवेगळे, पगाराचा दिवस, रजा, सूचनाकाळ आणि निरोपाचा हिशेब, हे सर्व त्याला समजेल अशा भाषेत लिहिलेले असावे, आणि एक प्रत त्याच्यापाशी असावी. तेथील सल्लागाराला एकदा दिलेले शुल्क पुढच्या दहा भांडणांपेक्षा स्वस्त पडते.

भगवान महावीरांच्या निर्वाणाचा दिवस तो दिवाळीचा दिवस. वहीपूजनात ‘शुभ’ आणि ‘लाभ’ ही दोन्ही अक्षरे शेजारी लिहिली जातात. दवनीवाड्याच्या शिवारातून निघालेला तांदूळ उद्या कोणत्या बंदरावर उतरेल ते बाजार ठरवील. परंतु तो उतरवून घेणाऱ्या माणसाच्या नावाचे पान नव्या वहीत असावे, आणि त्या पानावरील देणे-बाजू पूजेपूर्वीच भरलेली असावी. लाभ त्यानंतर लिहावा.