आजीच्या पाटीतली माती

दिवाळीच्या सुट्टीत माझी पुतणी घरी आली होती. सिव्हिल इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. फराळाची बशी बाजूला सारून ती लॅपटॉप उघडून बसली. प्रोजेक्टसाठी तिनं आमच्याच गावाकडचा, सिन्नर तालुक्याच्या पूर्व भागातला एक पाझर तलाव घेतला होता. बांधाच्या एका टोकाला खालच्या अंगानं पाणी जास्त का झिरपतं, हे तिला शोधायचं होतं. मोजमापं झाली, नकाशा झाला, पण कारण काही सापडत नव्हतं.

शेजारी सासूबाई शेंगा फोडत बसल्या होत्या. गावाचं नाव कानावर पडलं तशा त्या म्हणाल्या, "ते तळं व्हय? त्याच्यावर म्या पाट्या वाहिल्यात की. बहात्तरच्या दुष्काळात. नवीनच लगीन झालं होतं माझं."

पुतणी बघतच राहिली. "आजी, तू मला कधी सांगितलं नाहीस!"

"तू कधी इचारलंस?"

मग त्या सांगत गेल्या. लाल मिलोच्या भाकरी, कामावर मिळणारी सुकडी, पोरं झाडाला झोळीत टांगून माती वाहणाऱ्या बाया. बोलता बोलता म्हणाल्या, "पायाचा चर भरताना त्या टोकाला काळी माती सरली. मुकादम म्हणला, मुरूम टाका. आम्ही टाकला." पुतणीची बोटं लॅपटॉपवर थांबली. जे तिला कुठल्याच नकाशात सापडलं नव्हतं, ते घरातच शेंगा फोडत बसलं होतं!

हा किस्सा मी आमच्या भिशीत सांगितला आणि तिथं चांगलाच वाद रंगला. कॉलेजात सगळ्यांनाच, म्हणजे इंजिनिअरिंग, कॉमर्स, फार्मसीच्या मुलांनाही, इतिहास सक्तीचा करावा का? निम्म्या जणी म्हणाल्या, करायलाच हवा. उरलेल्या म्हणाल्या, आधीच पोरांवर अभ्यासाचा बोजा काय कमी आहे? इतिहासानं नोकरी मिळते का?

मैत्रिणींनो, या दुसऱ्या बाजूचं म्हणणं मला झटकून टाकता येत नाही. आपल्याकडे इतिहास दहावीपर्यंत सक्तीचा आहेच. चौथीचं शिवछत्रपतींचं पुस्तक १९७० पासून पिढ्यानपिढ्या मुलांनी वाचलं, त्यावर प्रेमही केलं. पण दहावीला इतिहास-राज्यशास्त्राचे चाळीस गुण पदरात पडले, की सायन्सला गेलेलं मूल पुन्हा त्या विषयाचं तोंड बघत नाही. मी स्वतः बी.ए.ला इतिहास घेतला होता, तो आवडीनं नव्हे, सोपा जातो म्हणून. परीक्षेच्या आधी गाइड आणायचं, 'कारणे व परिणाम' घोकायचे आणि पेपर झाला की गाइड रद्दीत. तीन वर्षांत एकदाही कुणी आम्हाला गोंदेश्वराच्या देवळात नेलं नाही. भूमिज शैलीतलं हे पंचायतन, मधे महादेव आणि चार कोपऱ्यांत चार छोटी देवळं, आमच्या घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर! सिन्नर ही सुरुवातीच्या यादवांची राजधानी होती, देवगिरी त्यानंतरची, हे मला कळलं ते लग्नानंतर पाहुण्यांना देऊळ दाखवताना.

सक्तीचं काय होतं, याचंही उदाहरण आपल्यासमोर आहे. पर्यावरण हा विषय सगळ्यांना शिकवा, असं सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्ये सांगितलं. पुढे विद्यापीठ अनुदान आयोगाने पदवीच्या सर्व शाखांसाठी सहा महिन्यांचा अभ्यासक्रम तयार केला. हेतू सोन्यासारखा. पण घराघरांत काय दिसतं? मागच्या वर्षीच्या मुलाचा प्रोजेक्ट आणायचा, नाव बदलायचं, झेरॉक्स काढायची, सबमिशन संपलं. इतिहासाचाही असाच एक पेपर वाढवायचा असेल, तर माझंही मत 'नको' असंच आहे.

मग इतिहास सोडून द्यायचा का? तिथंच तर मेख आहे. इतिहास कॉलेजात शिकवला नाही म्हणून मुलं तो शिकायची थांबत नाहीत. ती मोबाइलवर शिकतात. सकाळी सात वाजता फॅमिली ग्रुपवर येतो तोही इतिहासच असतो. कोणी लिहिला, कशावरून लिहिला, काही पत्ता नाही. आणि तो पुढे ढकलणारं आपलं इंजिनिअर झालेलं पोरगंच असतं. यंत्राचा एक स्क्रू तपासल्याशिवाय न बसवणारा मुलगा तीनशे वर्षांपूर्वीची गोष्ट मात्र न तपासता शंभर जणांना पाठवतो. जानेवारी २००४ मध्ये पुण्याच्या भांडारकर संस्थेवर हल्ला झाला, तो एका पुस्तकावरच्या रागातून. त्यात ग्रंथांची आणि जुन्या हस्तलिखितांची नासधूस झाली. पुस्तकातलं खोटं खोडून काढायचं असेल तर जे कागद लागतात, तेच फाडले गेले. राग येऊ शकतो, पण राग आल्यावर कागद उघडायचा की फाडायचा, हे कुणीतरी शिकवायला नको का?

दुसरी गोष्ट आपल्या सिन्नरची. इथल्या किती घरांत विड्या वळून पोरं शिकली, हे वेगळं सांगायला नको. नाशिकच्या बीवायके कॉलेजात हजारो मुलं कॉमर्स शिकून गेली. त्या तीन अक्षरांत भिकुसा यमासा क्षत्रिय हे सिन्नरच्या विडी-कारखानदाराचं नाव आहे, हे त्यातल्या किती जणांना ठाऊक असेल? आमच्या बचत गटातल्या एका ताईंचा मुलगा बी.कॉम. झाला. आईचं विडी कामगाराचं ओळखपत्र पाहून तो म्हणाला, "तू घरी बसून विड्या वळायचीस, तू कसली कामगार?" ताई गप्प बसल्या. मला मात्र राहवलं नाही. १९६६ साली संसदेने विडी कामगारांसाठी कायदा केला, त्यात घरी बसून विड्या वळणारीलाही कामगार मानलं होतं. सूप मांडीवर घेऊन, पानं कातरून, हजाराचा हिशोब पुरा करणारी बाई ही कामगारच आहे, हे कायद्यात लिहिलं जाणं सोपं नव्हतं. नोव्हेंबर २०२५ पासून तो कायदा नव्या कामगार संहितेत गेला. जुन्यात काय होतं हेच माहीत नसेल, तर नव्यात काय राहिलं आणि काय गेलं, हे आईच्या वतीनं विचारणार कोण? शिकलेला मुलगाच ना? इतिहासानं नोकरी मिळते का ते मला माहीत नाही, पण मिळालेला हक्क तो विसरू देत नाही.

म्हणून मला वाटतं, सक्ती हवी ती पाठांतराची नको, शोधण्याची हवी. वि. का. राजवाडे गावोगाव पायपीट करून जुने कागद गोळा करत फिरले. त्यातून 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' उभी राहिली. उर्मिला पवार आणि मीनाक्षी मून या दोघींनी आंबेडकरी चळवळीतल्या बायकांना गाठून बोलतं केलं आणि १९८९ मध्ये 'आम्हीही इतिहास घडवला' हे पुस्तक आलं. २ मार्च १९३० ला नाशिकला काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला, त्यात बायकाही होत्या. कुणी विचारायला गेलं नसतं, तर अशा बायकांची नावं चुलीपाशीच राहिली असती.

नव्या शैक्षणिक धोरणामुळे पदवीच्या मुलांना आता आपल्या शाखेबाहेरचेही विषय घ्यावे लागतात. म्हणजे दार अर्धं उघडलंय. त्यात दोन क्रेडिट एवढ्यासाठीच ठेवा: प्रत्येक मुलानं आपल्या गावातली एकच गोष्ट निवडायची. एखादी विहीर, बाजार, कारखाना, शाळा किंवा एखादं मंदिर. तिच्याबद्दल दोन माणसांना विचारायचं, एक जुना कागद शोधायचा आणि तिन्हींचा मेळ बसतो का ते तोंडी परीक्षेत सांगायचं. गाइड नको आणि झेरॉक्सही नको, कारण प्रत्येकाचं गाव वेगळं, आजी वेगळी. आमचं विद्यापीठ २०१४ पासून सावित्रीबाई फुले यांचं नाव लावतं. १८४८ मध्ये शेणगोळे झेलत शिकवायला जाणाऱ्या बाईचं नाव पदवीवर मिरवायचं, तर तिथल्या प्रत्येक मुलानं एका तरी बाईला "तुमच्या वेळी काय होतं?" एवढं विचारायला हरकत नसावी.

आमच्या पुतणीचं पुढे काय झालं, ते सांगायचं राहिलंच. तिनं अहवालात आजीचं म्हणणं लिहिलं. सरांनी विचारलं, "पुरावा काय?" रास्त प्रश्न होता. मग ती गावाला गेली आणि सासूबाईंच्या बरोबरीच्या दुसऱ्या एका आजींना भेटली. त्या म्हणाल्या, "काळी माती होती की भरपूर! चरच उथळ खणला होता. खाली पाषाण लागला, म्हणून सोडून दिला." आता आली का पंचाईत! दोघी तिथंच होत्या, दोघीही खोटं बोलणाऱ्या नव्हेत.

रात्री पुतणीचा फोन आला. वैतागली असेल असं वाटलं, पण आवाजात उत्साह होता. "काकू, आता त्या टोकाला खड्डा घेऊन बघायची परवानगी मागणार आहे. आणि कामाचे जुने कागद कुठं मिळतील, तेही शोधते."

मी सासूबाईंना सांगितलं. त्या शेंगा फोडायच्या थांबल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "बघू दे तिला. मी चुकले असंल तर तसं लिही म्हणावं. पण पाट्या आम्हीच वाहिल्या, तेवढं लिही म्हणावं."