पडता पडता पुढे

जून २०२२ मध्ये अमरावती आणि अकोला जिल्ह्यांच्या दरम्यान, राष्ट्रीय महामार्ग ५३ वर एक विक्रम झाला. लोणी ते माना या टप्प्यात ७५ किलोमीटर लांबीची डांबरी मार्गिका सलग १०५ तास ३३ मिनिटांत अंथरली गेली आणि तिची गिनीज बुकात नोंद झाली. हे ७५ किलोमीटर एका मार्गिकेचे. दुपदरी रस्ता धरला तर साडेसदतीस. ती बातमी वाचून बहुतेकांना आठवली ती आपली गाडी. मला मात्र भलताच हिशेब सुचला. हेच साडेसदतीस किलोमीटर एकचाकी सायकलवरून जायचं ठरवलं, तर पाय किती वेळा फिरवावे लागतील?

नवशिके वापरतात ते २० इंची चाक एका फेऱ्यात सुमारे १.६ मीटर पुढे जातं. म्हणजे तेवीस हजारांहून जास्त फेरे. लांबच्या पल्ल्यासाठी ३६ इंची चाक असतं, त्याचा एक फेरा जवळपास २.९ मीटरचा. त्यावरही तेरा हजारांच्या आसपास फेरे होतातच. आणि यातला एकही फेरा फुकटात मिळत नाही. साध्या सायकलला फ्रीव्हील असतं, त्यामुळे उतारावर पाय थांबवून वारा खाता येतो. एकचाकीत पेडलचा दांडा, म्हणजे क्रँक, थेट चाकाच्या मधोमध घट्ट बसवलेला असतो. चाक फिरलं की पाय फिरलेच पाहिजेत, पाय थांबले की चाकही थांबलंच. साखळी नाही, हँडल नाही, साध्या मॉडेलला ब्रेकही नाही.

महामार्गावर ट्रकांच्या मधून ही हौस कोणी करू नये, हे सांगायला नको. पण वऱ्हाडातले आडरस्ते, पहाटेची मोकळी मैदानं आणि तलावांच्या काठचे रस्ते या खेळासाठी चांगले आहेत. एकचाकी म्हटलं की आपल्याला सर्कस आठवते. विष्णुपंत छत्र्यांनी १८८० मध्ये ‘ग्रेट इंडियन सर्कस’ उभी केली, तेव्हापासून मराठी माणसाने कसरत तंबूतच पाहायची असते असं धरून ठेवलं आहे. एकचाकीचं मात्र तंबूत अर्धंच काम होतं. रिंगणातली जमीन सपाट आणि ओळखीची असते. खरी गंमत पायाखालची वाट दर दोन हातांवर बदलते तेव्हा सुरू होते.

ती गंमत कळायला एक साधा प्रयोग पुरे. पाच फुटांची काठी तळहातावर उभी धरा आणि तोलायचा प्रयत्न करा. थोड्या सरावाने जमतं. आता पेन्सिल घ्या. जन्मात जमणार नाही. कारण हाताच्या कौशल्यात नाही, लांबीत आहे. उभी वस्तू कलू लागली की तिचा कल ठरावीक काळाने दुप्पट होत जातो आणि हा काळ उंचीच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढतो. पाच फुटी काठीचा कल दुप्पट व्हायला सेकंदाचा साधारण पाचवा हिस्सा लागतो. पेन्सिलचा त्याच्या तिसऱ्या हिश्शातच होऊन जातो. डोळ्यांनी पाहून हात हलवायला माणसाला सेकंदाचा पाचवा हिस्सा लागतोच. म्हणून काठी कशीबशी आवाक्यात येते आणि पेन्सिल कायम पुढे निघून जाते.

एकचाकीवर बसलेला माणूस ही भौतिकशास्त्राच्या भाषेत अशीच उलटी उभी काठी. त्याचा कल साधारण पाव सेकंदात दुप्पट होतो. माणसाला जे जमेल आणि जे जमणार नाही, त्याच्या अगदी सीमेवरचं हे काम. सर्कशीतली पाच-सहा फुटी उंच एकचाकी बघताना छातीत धस्स होतं, पण तोलाच्या दृष्टीने ती बुटकीपेक्षा संथ असते. पडलं तर लागतं जास्त, हा भाग वेगळा.

तोल दोन दिशांना सांभाळावा लागतो आणि दोन्हींची युक्ती निराळी आहे. पुढे झुकलात तर पेडल जोरात मारून चाक स्वतःच्या खाली आणायचं, मागे झुकलात तर वेग कमी करायचा. खरं तर एकचाकी चालवणारा सतत किंचित पुढे पडतच असतो आणि चाक त्याला गाठत असतं. पडणं पुरतं थांबवलं तर पुढे जाणंही थांबतं. बाजूचा कल मात्र पेडलने सावरत नाही. तिथे ज्या बाजूला पडतोय त्याच बाजूला चाक वळवायचं. वळवायला हँडल नाही, म्हणून कमरेला पीळ द्यायचा आणि हात उलट दिशेला फेकायचे. कोनीय संवेग आपोआप नाहीसा होत नाही. हात एकीकडे फिरले की खालचं अंग आणि चाक दुसरीकडे फिरतं. जपानच्या मुराता कंपनीने २००८ मध्ये ‘मुराता गर्ल’ नावाचा एकचाकी चालवणारा छोटा यंत्रमानव दाखवला. त्याला असे हात फेकता येत नव्हते, म्हणून बाजूचा तोल राखायला त्याच्या धडात एक फिरतं जड चाक बसवलेलं होतं. पुढचा-मागचा तोल राखायचं काम मात्र त्याचंही खालचं चाकच करत होतं.

हे सगळं डोक्याने हिशेब करून होत नाही. पाव सेकंदात कोण समीकरण सोडवणार? आतल्या कानातल्या तीन अर्धवर्तुळाकार नलिका डोकं कुठे फिरतंय ते कळवतात, घोट्याचे आणि मानेचे स्नायू आपापली खबर देतात आणि लहान मेंदू या सगळ्याची सांगड घालतो. शिकणाऱ्याची पहिली चूक म्हणजे खाली चाकाकडे बघणं. मान झुकली की कानातल्या यंत्रणेचा संदर्भ बदलतो, धड पुढे जातं आणि गडी जमिनीवर. दुसरी चूक याहून घट्ट बसलेली असते: सगळं वजन पेडलवर टाकणं. वजन सीटवर हवं, पायांत नव्हे. पायांवर भार दिला की ज्या क्षणी दोन्ही क्रँक वर-खाली उभे येतात, त्या क्षणी जोर लावायला जागाच राहत नाही आणि चाक अडकल्यासारखं थबकतं. दर फेऱ्यात असे दोन आंधळे क्षण येतात. मुरलेला स्वार खड्डा समोर दिसला की नेमका असा येतो की त्या जागी क्रँक आडवे असावेत, म्हणजे दाबायला पूर्ण ताकद हाताशी राहते. हे तो मुद्दाम करत नाही; विचारलं तर बहुधा सांगताही येणार नाही.

असलं शरीराचं गणित अमरावतीला नवं नाही. १९१४ मध्ये स्थापन झालेल्या श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचं पथक १९३६ च्या बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी जर्मनीला गेलं आणि तिथे त्यांनी कबड्डीसह भारतीय व्यायामप्रकारांची प्रात्यक्षिकं दाखवली. ज्या गावात मल्लखांब इतका रुजलेला आहे, त्या गावात एकचाकी अजून परदेशी चमत्कार वाटावी, याचं मला नवल वाटतं. टांगत्या मल्लखांबाकडे नीट पाहा. साखळीला लटकलेला, एरंडेल लावलेला लाकडी खांब झुलतो आणि स्वतःभोवती फिरतोही. त्यावरचा पोरगा मांडीची पकड घट्ट ठेवून वरचं अंग अशा बेताने वळवतो की खांबाचं फिरणं हवं तेवढंच राहावं. खाली चाक असो की वर साखळी, हात फेकायचे आणि कंबर उलट वळवायची हा धडा एकच. मल्लखांबाची पोरं एकचाकीवर बसवली तर ती इतरांच्या निम्म्या वेळात शिकतील, असा माझा अंदाज आहे. कोणीतरी करून बघायला हवं.

आता जमीन. वऱ्हाडात या खेळाचा सगळ्यात मोठा शत्रू आहे आपलं लाडकं काळं सोनं. पूर्णेच्या खोऱ्यातल्या काळ्या मातीत पाणी शोषून फुगणारी चिकणमाती भरपूर असते. आषाढात पांदण रस्त्यावर चाक घाला, चार फेऱ्यांत टायरवर मातीचा थर चढतो, तो फ्रेमच्या दांड्यांत गच्च बसतो आणि चाक जागेवर जाम. दुचाकीवाला उतरून ढकलत नेतो. एकचाकीवाल्याला उतरण्याचा विचारही करायला वेळ मिळत नाही, कारण चाक थांबलं तरी धड पुढे निघालेलं असतं. उन्हाळ्यात तीच माती आक्रसते आणि तिला हाताचा पंजा जाईल एवढ्या भेगा पडतात. भेग चाकाच्या दिशेत आली तर चाक तिच्यात रुळावर बसल्यासारखं बसतं आणि वळवता येत नाही. वळवता आलं नाही की बाजूचा तोल गेलाच. शिवाय अकोल्याचा मे महिना म्हणजे काय, ते वऱ्हाडी माणसाला सांगायची गरज नाही. दसऱ्यानंतर, माती वाळून घट्ट बसल्यापासून ते होळीपर्यंतचा काळ यासाठी सोन्यासारखा. तेव्हा मुरमाचे रस्ते दाबून बसलेले असतात आणि पहाटे तुरीच्या शेतावर अजून दव असतं.

मुरमावर टायरची हवा थोडी कमी ठेवावी. जाड, जरा मऊ टायर बारीक खडे पोटात घेतं आणि धक्का अंगापर्यंत येऊ देत नाही. फारच मऊ ठेवलं तर कंबर वळवली तरी रबरच पिळतं आणि चाक जागचं हलत नाही. डांबरावर उलट, हवा भरपूर. अंगठ्याने टायर दाबून हवा कळणारा माणूस इथे निम्मी लढाई जिंकतो. चाकाचा आकारही तसाच नेमून घ्यावा: शिकायला २० इंच, खडबडीत वाटेला २४ ते २९ इंच, लांब सरळ रस्त्याला ३६. एड प्रॅट या इंग्रज तरुणाने २०१५ ते २०१८ या काळात ३६ इंची चाकावर पृथ्वीप्रदक्षिणा केली.

चढ दमवतो, पण अवघड असतो तो उतार. चिखलदऱ्याच्या घाटात खाली येताना साधी सायकल जे काम ब्रेकवर सोपवते, ते इथे मांड्यांना करावं लागतं. दर फेऱ्याला मागे जोर देत चाकाला आवरायचं. डोंगरी एकचाकीला म्हणूनच सीटखाली ब्रेक आणि पुढे धरायला मूठ बसवतात. हा डोंगरी प्रकार नावारूपाला आणणाऱ्यांमध्ये कॅनडाचा क्रिस होल्म आघाडीवर. तो पेशाने भूशास्त्रज्ञ आहे आणि भूस्खलनांचा अभ्यास करतो. डोंगर कसे कोसळतात ते दिवसा शिकायचं आणि सुट्टीत त्याच डोंगरांवरून न कोसळता उतरायचं, असा हा दुहेरी व्यवसाय.

पडण्याची भीती मात्र वाटते तितकी खरी नाही. समोर हँडल नसल्यामुळे पुढे पडणारा माणूस बहुतेक वेळा दोन पायांवर धावत उतरतो आणि आपटते ती सायकल. तरी मनगटाचे पट्टे, गुडघ्याचे पॅड आणि हेल्मेट हवंच. सुरुवात कुंपणाला धरून करावी. साधारण दहा-पंधरा तासांच्या सरावात बहुतेकांना काही अंतर सरळ जाता येतं. मोठ्या माणसांना हे जमत नाही, ही समजूत चुकीची. माहिती सिद्धांताचा जनक क्लॉड शॅनन बेल लॅब्जच्या बोळांतून एकचाकीवरून, तेही हातात चेंडू खेळवत फिरायचा. पुढे त्याने चाकाचा आस मुद्दाम एका बाजूला सरकवलेली एकचाकीही बनवली, म्हणजे स्वार चालता चालता खाली-वर होत राहील.

लोक काय म्हणतील, याचाही अभ्यास झालेला आहे. न्यूकॅसलचे निवृत्त त्वचारोग प्राध्यापक सॅम शूस्टर यांनी एकचाकीवर फिरताना वाटेतल्या लोकांच्या चारशेहून जास्त प्रतिक्रिया टिपल्या आणि २००७ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’च्या नाताळ अंकात छापल्या. बायका काळजीने बोलत किंवा शाबासकी देत. पुरुष विनोद करत, आणि बहुतेकांचा विनोद एकच: दुसरं चाक हरवलं का? अकरा ते तेरा वर्षांची पोरं तर त्यांना पाडायला बघत. शूस्टर यांनी याचा संबंध पुरुषी संप्रेरकाशी आणि त्यातून येणाऱ्या आक्रमकतेशी जोडला. नाताळ अंकातलं संशोधन फार मनावर घ्यायचं नसतं, पण निरीक्षण चोख आहे. वऱ्हाडात फिरले असते तर त्यांची वही पहिल्याच चौकात भरली असती. “काहून बाप्पा, दुसरं चाक इकलं का?” हे तर ठरलेलंच. मागून एखाद्या आजीचं “पडशीन ना बे!” आलं की बायकांचाही रकाना भरला. उभं राहून उत्तर द्यायची सोय मात्र एकचाकीवर नाही. फार तर अर्धा फेरा पुढे, अर्धा फेरा मागे असं झुलत, मान ताठ ठेवून काय बोलायचं ते बोलून घ्यावं.