सॉकेट बंद, वीज चालू!

सकाळची डब्याची घाई. चटणीसाठी मिक्सर लावला, तर तो चालेना. पिन जरा हलवली, दाबून धरली, की सुरू झाला. मग रोज तसेच. आठवड्याभरात पिन गरम लागू लागते, सॉकेटभोवती तपकिरी डाग दिसतो. ‘रविवारी बघू’ म्हणता म्हणता एक दिवस ओल्या हाताने पिन दाबली जाते आणि घरातल्या माणसाला घेऊन रुग्णालय गाठावे लागते. विजेचा धक्का बसून अपघात विभागात येणारे सगळेच काही खांबावर चढलेले नसतात. कुणी स्वयंपाकघरातून आलेले असते, कुणी न्हाणीघरातून.

सॉकेटच्या आत पितळी पट्ट्या असतात. त्या पिनेला घट्ट धरून ठेवतात. वर्षानुवर्षांच्या वापराने त्या सैल होतात किंवा मागचा वायरचा स्क्रू ढिला होतो. सैल जोडाच्या जागी विजेच्या प्रवाहाला अडथळा होतो, तिथे उष्णता तयार होते, ठिणग्या उडतात आणि प्लॅस्टिक जळू लागते. जास्त भाराचाही हाच परिणाम. लहान सॉकेट ६ अँपियरचे, म्हणजे २३० व्होल्टला सुमारे १,३८० वॉटपर्यंतचे. १,००० वॉटची इस्त्री त्यावर चालते. पण २,००० वॉटचा गिझर जवळपास ९ अँपियर घेतो. त्याला १६ अँपियरचे मोठे सॉकेटच हवे. एकाच एक्स्टेंशन बोर्डावर इस्त्री आणि किटली एकदम लावली तरी हीच गत होते.

या प्रवाहातला किती भाग माणसाला पुरेसा होतो? साधारण १० मिलिअँपियरच्या पुढे हाताचे स्नायू आखडतात आणि धरलेली वस्तू सोडता येत नाही. ५० ते १०० मिलिअँपियर प्रवाह छातीतून गेला, तर हृदय आकुंचन पावण्याऐवजी नुसते थरथरू लागते आणि रक्ताभिसरण थांबू शकते. कोरडी त्वचा बराच अडथळा करते. ओली त्वचा तो घालवते. ओल्या अंगाचा रोध १,००० ओहमच्या आसपास उतरला, तर २३० व्होल्टला २३० मिलिअँपियर प्रवाह वाहू शकतो.

‘घरात एमसीबी आहे, मग भीती कसली?’ हा गैरसमज सर्रास आढळतो. १६ अँपियरचा एमसीबी १६,००० मिलिअँपियरपर्यंत गप्प बसतो. तो वायरिंग जळण्यापासून वाचवतो, माणसाला नव्हे. माणसासाठी आरसीसीबी लागतो. ३० मिलिअँपियर प्रवाह भलत्या वाटेने जाऊ लागला, की तो क्षणार्धात वीज तोडतो. त्यावरचे ‘टेस्ट’ बटण अधूनमधून दाबून पाहावे. दाबल्यावर तो पडला नाही, तर तो निकामी आहे असे समजावे.

सॉकेट बंद पडले तर घरच्या घरी काय करावे? आधी बटण बंद करून पिन काढावी. ते उपकरण दुसऱ्या चांगल्या सॉकेटवर लावून पाहावे. तिथेही चालले नाही, तर दोष उपकरणात आहे. मग बोर्डावरचा एमसीबी पाहावा. तो पडलेला असेल, तर त्या ओळीवरच्या सगळ्या पिना काढून एकदाच वर करावा. पुन्हा पडला, तर हट्टाने वर करू नये. तो काहीतरी सांगतो आहे. सामान्य माणसाची तपासणी इथे संपते.

कारण बंद पडलेले सॉकेट म्हणजे वीज नसलेले सॉकेट नव्हे. न्यूट्रलची वायर तुटली, तर उपकरण चालत नाही. पण फेजमध्ये २३० व्होल्ट तसेच असतात. म्हणून ‘बंदच आहे’ म्हणत स्क्रू ड्रायव्हर घेऊन बोर्ड उघडू नये. अर्थच्या छिद्रात पेनचे टोपण खुपसून टू-पिन बसवणे, उघड्या वायरी काडेपेटीच्या काड्यांनी सॉकेटमध्ये अडकवणे, या सवयीही सोडाव्यात. रांगते मूल असेल, तर खालची सॉकेट झाकून टाकावीत.

जळका वास, चर्रचर्र आवाज, ठिणगी, डाग, गरम किंवा सैल पिन, पावसाळ्यात बोर्डाच्या भिंतीला ओल, फ्रिज वा गिझरला हात लावताच झिणझिण्या, यांपैकी एक जरी आढळले, तरी एमसीबी बंद करून परवानाधारक वायरमनला बोलवावे. झिणझिण्या म्हणजे बहुधा अर्थिंगमध्ये दोष. पायात चप्पल घालून तो दुरुस्त होत नाही.

तरीही धक्का बसलाच, तर त्या व्यक्तीला हात लावण्याआधी मेन स्विच बंद करावा. ते जमत नसेल, तर कोरड्या जागी उभे राहून कोरड्या लाकडी काठीने किंवा प्लॅस्टिकच्या स्टुलाने तिला दूर ढकलावे. ती प्रतिसाद देत नसेल आणि श्वास नीट चालत नसेल, तर १०८ ला फोन लावून लगेच छातीच्या मध्यभागी दाब द्यायला सुरुवात करावी: मिनिटाला १०० ते १२० वेळा, सुमारे ५ सेंटिमीटर खोल. मदत पोहोचेपर्यंत थांबू नये. भाजलेली जागा वाहत्या साध्या पाण्याखाली २० मिनिटे धरावी. टूथपेस्ट, हळद, शाई लावू नये.

विजेने भाजल्याचा डाग फसवा असतो. बाहेर डाळीएवढा ठिपका, आत मात्र स्नायू जळालेले असू शकतात. म्हणून घरातल्या विजेचा धक्का बसून भाजले असेल, शुद्ध हरपली असेल, छातीत दुखत वा धडधडत असेल, लघवी काळपट होत असेल, तर रुग्णालयात जाऊन ईसीजी आणि तपासण्या करून घ्याव्यात. गरोदर स्त्री आणि लहान मूल यांना त्रास वाटत नसला तरी दाखवावे.

पिन हलवून मिक्सर सुरू झाला, म्हणजे दुरुस्ती झाली असे नाही. रविवारची वाट न पाहता त्याच दिवशी ते सॉकेट बंद करून ठेवावे.