पिसू, गोचीड आणि ताप : नामभेद व रोगनिदान

रोगांची जुनी नावे बहुधा लक्षणांवरून पडलेली असतात, कारणांवरून नव्हेत. प्लेगला मराठीत ‘ग्रंथिक सन्निपात’ म्हटले गेले ते काखेत वा जांघेत येणाऱ्या गाठीवरून. टायफसला ‘प्रलापक सन्निपात ज्वर’ हे नाव मिळाले ते रोग्याच्या बरळण्यावरून. प्लेग आणि टायफसचा एक प्रकार हे दोन्ही रोग पिसवांमार्फत पसरतात. परंतु या नावांत पिसवेचा मागमूस नाही. ही उणीव केवळ कोशकाराची नाही. रोग्याला प्रश्न विचारणाऱ्या वैद्यालाही ती नडते.

१८९६ साली मुंबईत प्लेगची साथ सुरू झाली व लवकरच ती लोहमार्गांनी अंतर्भागात शिरली. तीतून सोलापूरही सुटले नाही. पिसू ही या रोगाची वाहक असल्याचे पॉल-लुई सिमाँ याने १८९८ मध्ये कराची येथे प्रयोगाने दाखविले. पुढे १९०५ पासून मुंबईत काम करणाऱ्या प्लेग संशोधन आयोगाने त्यास दुजोरा दिला. शास्त्रज्ञांचे एकमत होण्यापूर्वीच ‘उंदीर पडणे’ हा शब्दप्रयोग लोकांच्या तोंडी रुळला होता. उंदीर पडू लागले की घर सोडावे, एवढा अर्थ त्या दोन शब्दांत सामावलेला असे. उंदराचे शव थंड पडताच पिसवा ते सोडतात व दुसरे उष्ण रक्त शोधतात, हे त्यामागील कारण होय. १९९४ साली बीड जिल्ह्यातील मामला गावी हाच क्रम दिसला : प्रथम उंदीर मेले, नंतर पिसवांचा त्रास वाढला, आणि त्यामागून सप्टेंबरात गाठीच्या तापाचे संशयित रोगी आढळले.

मात्र ‘पिसू चावली’ या वाक्याने रोगसंक्रमणाची सर्व रीत सांगितली जाते असे नाही. प्लेगमध्ये जंतूंचा गोळा पिसवेच्या जठरापूर्वीच्या भागात अडतो. भुकेली पिसू पुनःपुन्हा चावते आणि ओढलेले रक्त जंतूंसह जखमेत उलटते. उंदरांच्या पिसवांपासून होणाऱ्या टायफसची रीत निराळी आहे. त्याचा जंतू रिकेट्सिया टायफी हा पिसवेच्या विष्ठेत असतो. चाव्याची जागा खाजविताना ती विष्ठा त्वचेत चोळली जाते. या रोगाने उंदीर मरत नाहीत. म्हणून ‘उंदीर पडले’ ही पूर्वसूचना येथे कधीच मिळत नाही.

तिसरी रीत मांजराच्या द्वारा घडते. बार्टोनेला हेन्सेली हा जंतू मांजरांमध्ये पिसवांच्या विष्ठेतून पसरतो, आणि ती विष्ठा नखांत अडकलेली असताना मांजराने ओरबाडले तर माणसाच्या शरीरात शिरतो. मांजर, विशेषतः पिलू, वरकरणी निरोगी दिसते. काही दिवसांनी ओरखड्याच्या बाजूची गाठ सुजते. ही व्याधी बहुधा आपोआप बरी होते. परंतु ज्यांची प्रतिकारशक्ती क्षीण आहे त्यांना ती गंभीर ठरू शकते. अशा रोग्याला ‘काही चावले का?’ असे विचारल्यास तो प्रामाणिकपणे ‘नाही’ असेच सांगेल.

सोलापुरातील शुक्रवार पेठेसारख्या जुन्या वस्तीत हा प्रश्न अधिक गुंतागुंतीचा होतो. या शहरात मराठीबरोबर कानडी, तेलुगू व उर्दू नांदतात. मराठी भाषिक ‘पिसू’ म्हणतो तेथे कानडी भाषिक ‘चिगट’ म्हणतो. मराठी ‘गोचीड’ ती कानडी ‘उण्णी’. ‘किडा चावला’ एवढ्या मोघम उत्तरात मात्र हा भेद लोपतो. वास्तविक पिसू उडी मारते, बाजूंनी चपटी असते व तिला सहा पाय असतात. पूर्ण वाढलेल्या गोचिडाला आठ पाय असून तो त्वचेला चिकटून राहतो. गोचिडापासून होणारा ठिपक्यांचा ताप आणि पिसवेपासून होणारा टायफस यांचे जंतू वेगळे आहेत.

याहून घातक गोंधळ ‘टायफस’ व ‘टायफॉइड’ या नावांचा आहे. टायफॉइड, म्हणजे आंत्रज्वर, दूषित अन्नपाण्यातून होतो. त्यावर दिले जाणारे सेफ्ट्रिआक्झोन रिकेट्सियांवर निरुपयोगी असते. तेथे डॉक्सिसायक्लिन लागते. ताप व डोकेदुखी दोहोंत असल्याने, नावाच्या साम्यावर विसंबल्यास रोग्याचे मोलाचे दिवस वाया जातात.

म्हणून ताप आलेल्या रोग्यास विचारावयाचे प्रश्न वस्तुनिष्ठ असावेत : घरात मांजर-कुत्रे आहे काय? त्याच्या केसांत काळे, ओले करताच तांबूस होणारे कण दिसतात काय? धान्याच्या पोत्यांजवळ उंदीर फिरतात काय? प्रतिबंधातही क्रम पाळावा लागतो. प्रथम पिसवा माराव्यात, मग उंदीर. क्रम उलटल्यास निराश्रित पिसवा माणसाकडे वळतात. पिसवेची अंडी जनावराच्या अंगावरून खाली गळतात, म्हणून त्याचे अंथरूण व जमीनही स्वच्छ करावी. कुत्र्यासाठी असलेले पर्मेथ्रिनयुक्त औषध मांजराला विषारी ठरते, तेही येथे लक्षात घेतले पाहिजे.

‘उंदीर पडणे’ या शब्दप्रयोगाने एके काळी असंख्य कुटुंबांना सावध केले. टायफसला व मांजराच्या ओरखड्याने येणाऱ्या तापाला असा बोलका शब्द अद्याप मिळालेला नाही. तो मिळेपर्यंत त्याचे काम नेमक्या प्रश्नांनाच करावे लागेल.